जाळीचा सुती टॉप आणि न ठेवलेली माया

आईच्या सुयांचं एक पुडकं आहे माझ्याकडे, अ‍ॅल्युमिनियमच्या, नऊ, दहा, अकरा, बारा नंबरच्या, रंग उडालेल्या, एक तर वाकडी. तिने त्यावर आम्हा तिघा भावंडांचे स्वेटर विणले, शाळेचे नेव्ही ब्ल्यू, व्ही गळ्याचे. मीही तेच शिकले, लोकर आणि दोन सुया, एक ओळ सुलट एक उलट. पण पुण्यात आता स्वेटर घालायचे दिवस किती, डिसेंबरमधल्या चार पहाटा आणि जानेवारीतल्या सहा. कपाटात स्वेटर पडून राहतात आणि मला तर हाताला काहीतरी लागतंच रात्री टीव्ही बघताना. म्हणून गेल्या उन्हाळ्यात ठरवलं की सुती दोऱ्याचा टॉप विणायचा, जाळीचा, वर्षभर घालता येईल असा.

पॅटर्न ऑनलाइन विकत घेतला. उघडला तर पहिल्याच ओळीत अडले. सुई लिहिलेली ५ नंबर. मी म्हणलं एवढी जाड? आपल्याकडे ५ नंबर म्हणजे साडेपाच मिमीची सुई, त्याने तर मफलर विणतात. मग लक्षात आलं की हा अमेरिकन नंबर. त्यांच्याकडे नंबर वाढला की सुई जाड, आपल्याकडे आईच्या सुयांवर जे ब्रिटिश नंबर आहेत त्यात नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन ५ म्हणजे ३.७५ मिमी, म्हणजे आपली साधी ९ नंबर. तेव्हापासून मी नंबर बघतच नाही, मिमी बघते. टॉप गोल विणायचा होता म्हणून वायरवाली सर्क्युलर सुई घेतली, आईचं पुडकं परत कपाटात गेलं.

दोरा घेतला फोर प्लाय मर्सराइज्ड कॉटन, फिका मोरपिशी, ५० ग्रॅमचे सात गुंडे. मर्सराइज्ड म्हणजे सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेली. जॉन मर्सर नावाच्या माणसाने १८४४ मध्ये ते शोधलं म्हणून हे नाव, पण त्याच्या सुताला आजच्यासारखी चमक नव्हती, प्रक्रिया चालू असताना सूत ताणून धरलं की ती रेशमासारखी चमक येते हे पुढे १८९० मध्ये होरेस लो याने दाखवलं. दुकानात हात लावला तर गार, गुळगुळीत, अगदी प्रेमात पडावं असं. पण तो गुळगुळीतपणाच पुढे नडला.

आता जाळीची वीण सांगते कारण पुढचं सगळं गणित तिच्यावर आहे. १८ टाक्यांचं एक डिझाइन, चार ओळींचं. गोल विणताना पहिल्या दोन ओळी नुसत्या सुलट. तिसरी जाळीची: तीन वेळा दोन टाक्यांचा एक, मग सहा वेळा दोरा पुढे घेऊन एक सुलट, मग परत तीन वेळा दोन टाक्यांचा एक. म्हणजे सहा टाके कमी झाले आणि सहा वाढले, १८ चे १८. चौथी ओळ सगळी उलट, तिने एक आडवी कड उठते. एवढंच. चार ओळींत एकच ओळ लक्ष देऊन करायची आणि तरी खालची कड आपोआप लाटांसारखी होते, शिंपल्यासारखी. ही वीण स्कॉटलंडच्या वर शेटलंड बेटं आहेत तिकडची. तिथे लोकरीच्या इतक्या तलम शाली विणायचे की अख्खी शाल अंगठीतून निघायची. हे वाचून मी खूश झाले होते, तेव्हा त्यातला "लोकरीच्या" हा शब्द डोक्यात शिरला नाही.

माझं माप छाती ३७. पॅटर्नमध्ये मिडियम साइजला १२ डिझाइनं, म्हणजे २१६ टाके, तयार माप ३९. आधी नमुना विणून बघा असं लिहिलं होतं, मी चार इंचाचा साधा सुलट तुकडा विणला, टेप लावली, पॅटर्नमधल्या संख्येच्या आसपास आला, झालं. तो धुतला नाही, वाळवला नाही, जाळीचा तर विणलाच नाही. आईने आयुष्यात कधी नमुना विणला नव्हता, तिचे स्वेटर बसायचेच की. (बसायचे कारण लोकर होती आणि आम्ही वाढत होतो, मोठा झाला तर पुढच्या वर्षी चालेल म्हणायचे.)

मे आणि जून दोन महिने विणला. मधे मधे वायरवरच अंगात घालून बघितला, ३६ इंच भरत होता, अंगाला छान चिकटून, मी आरशासमोर उभी राहून म्हणलं ३९ कशाला पाहिजे, असाच मस्त आहे. खांदे जोडले, बाह्यांची छोटी पट्टी विणली, दोरे खोचले आणि धुवायला घेतला. बादलीत भिजवला, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, गादीवर पसरायला चादर आणायला आत गेले, तेवढ्यात नवऱ्याने मदत म्हणून तो बाल्कनीतल्या दोरीवर टाकला. खांद्याला दोन चिमटे लावून. जुलै महिना, बाहेर पाऊस, सुताने पाणी धरलेलं, चांगला जड ओला टॉप दोन चिमट्यांवर लोंबतोय. मी बघितलं तेव्हा अर्धा तास झाला होता.

वाळायला तीन दिवस लागले. घातला तर टॉप नव्हे, गाऊन. उंची २१ इंच विणली होती ती पावणेचोवीस. छाती ३६ ची ३९, म्हणजे पॅटर्नवाली बाई खोटं बोलत नव्हती. मुंढा साडेसातचा साडेआठ, हात वर केला की आतलं सगळं दिसतंय. गळा एका खांद्यावरून घसरतोय. नवऱ्याला बोलले मी भरपूर, पण खरं सांगायचं तर दोष त्याचा पाव होता फार तर. दोरीवर टाकला नसता तर चार वेळा घालून हेच झालं असतं. लोकर ताणली तरी परत मागे येते, तिच्यात स्प्रिंग असते. सुताला ते नाही. सूत स्वतःच्याच वजनाने खाली येतं आणि आलं की तिथेच राहतं. त्यात मर्सराइज्ड गुळगुळीत, टाक्याला टाका धरून ठेवत नाही, घसरतो. आणि जाळीत तर भोकंच भोकं, पसरायला जागाच जागा.

आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या टेलर काकू आहेत, तीस वर्षं तरी शिवतायत. त्यांच्याकडे घेऊन गेले, म्हणलं काकू बाजूने दीड-दीड इंच आत घ्या ना. त्यांनी टॉप उलटा केला, शिवण शोधली, शिवणच नाही, गोल विणलेला. चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"अगं पण माया कुठे ठेवलीस?"

मला हसू आलं आणि रडूही. कापड शिवताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, ती माया, उद्या बाई जाड झाली तर उसवून सोडायची. विणकामात कसली माया. जेवढं विणलं तेवढंच. काकू म्हणाल्या मशीन मारलं तर मारता येईल पण त्या उलट टाक्यांच्या कडा आहेत ना, त्या एकावर एक आल्या की बाजूला दोरखंड होईल, आणि कात्री लावली तर जाळी सुटत जाईल, मी नाही हात लावणार. मग त्यांनी एक काम केलं ज्याचे मी अजून आभार मानते. मला उभं करून ब्लाउजचं घेतात तसं पूर्ण माप घेतलं. छाती ३७, कंबर ३४, सीट ४१, पाठीकडून शोल्डर १४, मुंढा खाली दोन बोटं सोडून ७, बगलेपासून टॉपची उंची साडेतेरा. वहीच्या पानावर लिहून दिलं. दोन महिने मी टॉप विणत होते आणि स्वतःचं शोल्डरचं माप मला माहीत नव्हतं.

घरी येऊन उसवला. एका रविवारी, तीन तासांत दोन महिने संपले. उसवलेला दोरा मॅगीसारखा कुरळा होतो, तसाच विणला तर टाके वेडेवाकडे येतात. म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केल्या, चार-चार ठिकाणी सैल गाठी मारल्या, कोमट पाण्यात भिजवल्या आणि बाथरूमच्या दांडीवर अडकवून प्रत्येकीला खाली एक स्टीलचा डाव लटकवला. दोन दिवसांत दोरा सरळ. या वेळी वाळत घातलेल्या गोष्टीला कोणी हात लावला नाही.

मग नमुना. या वेळी खराखुरा, दोन डिझाइनं म्हणजे ३६ टाके आणि दोन्ही कडांना तीन-तीन साधे, सहा इंच उंच. तो सुट्या सुयांवर येऊन-जाऊन विणायचा म्हणून उलटीकडून दुसरी ओळ उलट आणि चौथी सुलट, एवढाच फरक. विणून मापला, धुतला, आडवा वाळवला, परत मापला. मग त्याला खाली कपड्यांचे वीस चिमटे लावून दोन दिवस टांगून ठेवला, कारण अंगावर टॉप काही आडवा झोपून राहत नाही, त्याचं सगळं वजन खांद्यावरून खाली ओढत असतं. उतरवून तिसऱ्यांदा मापला. सुईवर एक डिझाइन ३ इंच रुंद होतं ते सव्वातीन झालं. उंचीला सुईवरचे ८ इंच म्हणजे टांगल्यावर ९. ही दोनच वाक्यं मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला चिकटवली. म्हणजे बगलेपर्यंत साडेतेरा हवेत तर विणायचे १२. अंगात घालून आखूड वाटला तरी १२ वर थांबायचं.

आता रुंदी. इथे जाळीची खरी गोची आहे आणि हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. साध्या विणीत चार टाके कमी-जास्त करून हवं ते माप मिळतं. जाळीत १८ च्या पटीतच जावं लागतं. १२ डिझाइनं म्हणजे ३९ इंच, मला सैल. ११ म्हणजे पावणेछत्तीस, सुताला म्हणून चालेलही कदाचित, पण ११ विषम, पुढे साडेपाच मागे साडेपाच, बाजूला अर्धी लाट. सुई बदलून जाळी घट्ट करता येते पण मग ती जाळी राहत नाही, पुठ्ठा होतो.

सुचलं कुठे तर कळीदार कुर्त्यावर इस्त्री करताना. कुर्त्याला बाजूला कळ्या असतात ना, पुढचा मागचा पाट सरळ आणि घेर सगळा कळीत. तसंच करायचं. जाळीची १० डिझाइनं, पाच पुढे पाच मागे, १८० टाके, साडेबत्तीस इंच. उरलेले इंच दोन्ही बाजूंना साध्या सुलट विणीच्या पट्ट्यांत. छातीपाशी एकेक पट्टी १४ टाक्यांची, म्हणजे एकूण २०८ टाके, साडेसदतीस इंच. बरोब्बर. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कंबरेला कमी करायचं, सीटला वाढवायचं ते सगळं या पट्टीतच, जाळीच्या एकाही टाक्याला धक्का न लावता. खाली पट्टी २२ टाक्यांनी सुरू केली, कंबरेपर्यंत प्रत्येक पट्टीत सहा वेळा दोन-दोन टाके कमी करत १० वर आणली, मग वर दोनदा वाढवून १४. कळीच झाली, फक्त कंबरेत थोडी बसलेली.

विणताना आणखी एक शहाणपण केलं, दर दोन डिझाइनांनंतर नुसत्या सुलट ओळीच्या सगळ्या टाक्यांतून शिवणाचा पांढरा दोरा ओवून ठेवला. जाळीत चूक झाली आणि उसवायची वेळ आली तर त्या दोऱ्यापर्यंत येऊन थांबतं. पहिल्या वेळी मी हे "नवशिक्यांचं काम" म्हणून सोडलं होतं. या वेळी तो दोरा मला तीनदा उपयोगी पडला, एकदा तर मालिकेत खून झाला त्या ओळीत मी दोरा पुढे घ्यायचा एकदा विसरले आणि पुढच्या दोन ओळी डिझाइन एका टाक्याने सरकत गेलं, काही केल्या १८ येईना, १७ च.

बगलेच्या अडीच इंच खाली जाळी थांबवली आणि वर साधी सुलट वीण धरली. याला कारण टक्स. पहिल्या टॉपला ही पण एक अडचण होती, पुढचा भाग छातीवरून वर चढायचा आणि खालची लाट पुढे उचललेली दिसायची. ब्लाउजला टक्स घालतात तेव्हा छातीसाठी जागा होते, विणकामात त्याऐवजी अर्ध्या ओळी विणतात. फक्त पुढच्या भागावर, कडेपर्यंत न जाता मधूनच वळायचं, दर वेळी चार टाके अलीकडे. मी अशा आठ ओळी घातल्या, पुढचा भाग मागच्यापेक्षा साधारण एक इंच जास्त झाला. हे जाळीत करायला गेलं की डिझाइन फिसकटतं, म्हणून साधी वीण. वळलेल्या जागी भोक पडतं, ते पडू नये म्हणून वळताना टाक्याभोवती दोरा गुंडाळायचा आणि नंतर तो वेढा टाक्याबरोबर एकत्र विणायचा. माझी दोन भोकं तरी राहिलीच. जाळीचा टॉप आहे, दोन भोकं जास्त.

मग पुढचा आणि मागचा भाग वेगळा, एकेकात १०४ टाके. काकूंच्या वहीच्या पानावर शोल्डर १४ म्हणजे ७८ टाके. दोन्ही बाजूला १३-१३ कमी करायचे, त्यातले ६ बगलेत एकदम बंद केले आणि ७ दर दुसऱ्या ओळीला एकेक. मधे गळ्याला ३८, खांद्याला २०-२०. मुंढा ७ हवा म्हणून सुईवर सव्वासहा विणला. हे करताना हात थरथरत होता खरंच, इतका छोटा दिसत होता तो, लहान मुलीच्या झबल्यासारखा. कपाटावरचा कागद दोनदा जाऊन वाचून आले.

खांदे जोडून झाल्यावर परत काकूंकडे. त्यांनी सुचवलं की खांद्याच्या जोडाला आतून बारीक सुती टेप हाताने शिवून टाक, ब्लाउजच्या हुकपट्टीला लावतात तसली, खांदा कधी लांबणार नाही. मी तेच केलं, आणि मागच्या गळ्याला आतल्या बाजूने क्रोशाने त्याच दोऱ्याची घट्ट साखळी ओढली. टॉपचं सगळं ओझं या दोन जागांवर असतं, त्या पक्क्या झाल्या की निम्मं काम झालं. गळ्याची आणि मुंढ्याची पट्टी १० नंबरने विणली, म्हणजे ३.२५ मिमी, आईच्या सुईच्याच जाडीची पण छोटी सर्क्युलर. पहिल्यांदा मुंढ्यावर प्रत्येक ओळीतून एक टाका उचलला तर पट्टी फ्रिलसारखी उठली, उसवून चार ओळींतून तीन टाके घेतले, बसली.

धुवायचा दिवस आला तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. या वेळी चादर आधी पसरली, मग टॉप बुडवला. टॉवेलमध्ये दाबून गादीवर अंथरला, टेप लावून छाती साडेसदतीसला आणली, खालच्या प्रत्येक लाटेच्या टोकाला गंज न लागणारी टाचणी. जोरात ताणला नाही, सुताला ताणून आकार द्यायला गेलं तर पहिल्यांदा घालेपर्यंत टिकतो. पंखा लावून दीड दिवस. त्या रात्री आम्ही हॉलमध्ये झोपलो.

घातला. छाती बसली, मुंढा बसला, कंबरेत हलकी पकड आहे. उंची पहिल्या दिवशी थोडी आखूड वाटली, मी गप्प बसले, दोन दिवस ऑफिसला घालून गेले आणि मापली तर साडेतेराला पाव इंच कमी. आता पाच-सहा धुण्यांनंतर पावणेचौदा आहे आणि तिथेच थांबलाय. आत स्लिप लागते, जाळी आहे म्हणल्यावर लागणारच. हँगरला लावत नाही, घडी करून ठेवते. डाव्या बाहीच्या पट्टीत उजवीपेक्षा एक ओळ कमी आहे, ते मला धुताना कळलं आणि मी कोणाला सांगितलेलं नाही.

काकूंना दाखवायला गेले तर त्यांनी सवयीने टॉप उलटा केला, खांद्याची टेप बोटाने चाचपली आणि म्हणाल्या टाके जरा लांब पडलेत तुझे. मग शेजारच्या गिऱ्हाइकाला बाजूची कळी दाखवली. सातातला सव्वा गुंडा उरलाय, लेकीने त्याच्याकडे बघून ठेवलंय पण तिची उंची अजून वाढतेय, तिला म्हणलं थांब, आधी नमुना.